आत्याच्या टाकीतली लग्नसराई

आत्याच्या टाकीतल्या माशांना रोग झाला होता आणि मी त्यांचं लग्न जमलंय असं घरभर सांगत फिरलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं, पण मूर्खपणा अर्धवट सोडून देणं माझ्या स्वभावात नव्हतं. वय सतराचं, म्हणजे जगातलं बहुतेक सगळं माहीत असण्याचं. जे माहीत नव्हतं त्यासाठी माझ्याकडे एक पुस्तिका होती. शोभेच्या माशांवरची, पातळ, कुणीतरी पाहुणा विसरून गेलेली. तिच्यात माशांच्या जाती होत्या, खाणं होतं, पैदाशीचं प्रकरण तर चित्रांसकट होतं. आजारांची पानं तेवढी गळून गेली होती. ती नाहीत याचं मला कधी वाईट वाटलं नाही. उलट आपले मासे आजारीच पडत नाहीत, मग ती पानं हवीत कशाला, असा माझा शास्त्रीय दृष्टिकोन होता.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. ती मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. तिच्या ताब्यात पुरुषांचा वॉर्ड होता आणि आमचं घर होतं, आणि दोन्हीकडे शिस्त एकच. सकाळी सहाला चहा, साडेसहाला खिडक्या उघडायच्या, आजाऱ्याने आपण आजारी आहोत हे विसरायचं नाही आणि धडधाकट माणसाने कुथायचं नाही. या बाईला आयुष्यात एकच चैन सुचली, ती म्हणजे ओसरीवरच्या खोलीतली काचेची टाकी आणि तिच्यात सहा गोल्डफिश. त्यांना तिने नावं ठेवली नव्हती, नंबर दिले होते. बेड नंबर एक ते बेड नंबर सहा. टाकीच्या वर खिळ्याला एक पॅड लटकवलेलं असायचं आणि त्यावर रोजचा चार्ट. खाणं किती, पाणी किती बदललं, प्रकृती कशी. बेड नंबर चार सगळ्यांत जुना, शेपटीचा एक कोपरा फाटलेला, रंगाने पिकल्या बिटक्या आंब्यासारखा. आत्या ड्यूटीवरून आली की चपला काढायच्या आधी टाकीशी जायची, आणि हा फाटका म्हातारा काचेला तोंड लावून उभा राहायचा. आम्हा माणसांकडे आत्याने इतक्या प्रेमाने बघितल्याचं मला तरी आठवत नाही.

घरात त्या टाकीच्या पंपाचा आवाज अखंड असायचा. घुर्र घुर्र. त्यात माडांच्या झावळ्यांची सळसळ, मागच्या दारी आईच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज, आणि नऊच्या सुमाराला पाटी घेऊन येणाऱ्या मासेवालीची हाक. आता माझ्या मुलाच्या फ्लॅटमध्ये शांतता एवढी असते की फ्रीज सुरू झाला तरी मी दचकतो. तर आई मासेवालीसमोर उकिडवी बसायची, बांगड्याचे कल्ले बोटाने उचकटून आतला लाल रंग बघायची, डोळा दाबून बघायची आणि त्या माशाने शेवटचा श्वास कधी घेतला ते सांगायची. मासेवाली शपथा घ्यायची, आई ऐकायची नाही. आठवड्यातले पाच दिवस आमच्याकडे मासे असायचे. तिखलं, आमसुलं आणि तिरफळं घातलेलं, किंवा तव्यावर खरपूस केलेले, मीठ-हळद-तिखट चोळलेले. एका खोलीत माशांचा चार्ट लिहायचा आणि दुसऱ्या खोलीत माशांचे तुकडे करायचे, यात काही विसंगत आहे असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नसे.

बाबा भूमापनाच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या मते मी कॉमर्सला जाऊन मुंबईला चुलतभावाच्या हाताखाली चिकटावं हे ठरल्यातच जमा होतं. मला मात्र माशांच्या कॉलेजात जायचं होतं. गावातच ते कॉलेज होतं, तिथे प्रवेश मिळाला की माणूस शास्त्रज्ञ होतो अशी माझी समजूत. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मासे खायला कॉलेज कशाला लागतं. बाबा घरात फक्त एका व्यक्तीचं ऐकत, ती म्हणजे त्यांची ताई. मी आत्याला गाठलं. आत्याने माझ्याकडे वॉर्डातल्या नव्या आयाकडे बघावं तसं पाहिलं. तिला पुण्याला बारा दिवसांच्या ट्रेनिंगला जायचं होतं. ती म्हणाली, बारा दिवस हे सहा पेशंट तुझे. चार्ट रोज भरायचा. मी परत आल्यावर सगळं जागच्या जागी असेल तर बाळशी बोलेन. बाळ म्हणजे आमचे पंचेचाळीस वर्षांचे बाबा.

सहा मासे जिवंत ठेवायचे, बस्स. माझ्या जागी कुणी आळशी मुलगा असता तर त्याने सहज जमवलं असतं. माझा उत्साह आडवा आला. तिसऱ्या दिवशी मला आईचा निरोप पोचवायला खेडला मामाकडे जावं लागलं. मामाच्या शेजाऱ्याकडे हौदात गोल्डफिश होते आणि त्याने माझं ज्ञान ऐकून (मी ऐकवलंच होतं) दोन मासे भेट दिले. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी एसटीने रत्नागिरीला आणले. घाटातल्या प्रत्येक वळणावर पिशवी छातीशी धरून बसलो होतो. कंडक्टरने दोघांचं अर्धं तिकीट काढू का म्हणून विचारलं आणि सगळी गाडी हसली. घरी आलो आणि पिशवी उलटी करून दोघांना थेट आत्याच्या टाकीत सोडलं. नवा पेशंट आला की आधी वेगळा ठेवतात, त्याच्या अंगावर काय काय आहे ते बघतात, मगच इतरांच्या शेजारी खाट देतात, हे मी जन्मापासून आत्याच्या तोंडून ऐकत आलो होतो. पण ते माणसांसाठी. मासे तर आधीच आंघोळ केलेले असतात.

चार-पाच दिवसांनी बेड नंबर दोनच्या कल्ल्याच्या झाकणावर पांढरे ठिपके दिसले, रवा भुरभुरावा तसे. दुसऱ्या दिवशी तीन नंबरला आले, मग खेडच्या पाहुण्यांना. मी पुस्तिका उघडली. पैदाशीच्या प्रकरणात साफ लिहिलं होतं की हंगामात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांवर बारीक पांढरे पुटकुळ्यांसारखे ठिपके उठतात. थंडी सरत आलेली, परसातला आंबा मोहोरलेला, बाहेर लग्नाचे मांडव पडायला लागलेले. मला एवढा पुरावा पुष्कळ झाला. मासे टाकीच्या तळाच्या खडीवर अंग घासायला लागले, तेव्हा मी त्याला प्रियाराधन म्हटलं. मग ते वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडून उभे राहायला लागले, तेव्हा आईला बोलावून म्हटलं, बघ, मंगलाष्टका चालल्यात. ठिपके आठपैकी सातजणांवर होते. सातही नवरदेव कसे, आणि ठिपके शेपटीवर, पाठीवर, डोळ्याच्या कडेला कसे, असा प्रश्न एखाद्या सामान्य बुद्धीच्या माणसाला पडला असता. चार्टवर मी लिहिलं, प्रकृती उत्तम.

आईने हात पदराला पुसत वाकून पाहिलं. ज्या नजरेने ती बाजारात पाटी बघायची, तीच नजर. मग म्हणाली, "लग्नबिग्न काय नाय. ह्यांचे कल्ले बघ कसे धापा टाकतायत. मी असला मासा विकत नाय घ्यायची." मी तिला समजावलं की हा शास्त्राचा विषय आहे. ती म्हणाली, असेल, आणि भात उतरवायला गेली. त्या संध्याकाळी बेड नंबर एक आडवा झाला. पाण्यात मासा आडवा दिसला की शास्त्राचा आवाज एकदम बारीक होतो. मी त्याला परसात पुरला आणि उपचारांना लागलो.

आजारांची पानं नव्हती, पण घरात माशाला काय लावतात ते मला लहानपणापासून माहीत होतं. मीठ लावलं की मासा खराब होत नाही, आणि हळदीने जंतू मरतात. मुठीने जाडं मीठ टाकलं आणि वरून चमचाभर हळद. पाणी क्षणात पिवळं झालं, पंपाच्या बुडबुड्यांनी वर पिवळा फेस आला आणि त्यातून सात चेहरे माझ्याकडे बघायला लागले. आई दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग आत जाऊन तिने डबा आणला आणि माझ्या हातावर चार तिरफळं ठेवली. "ही पण घाल. मग वन्सं आल्या की चुलीवर चढवू."

आणि गंमत अशी की ठिपके गेले. दोन-तीन दिवसांत एकेकाचं अंग स्वच्छ झालं. मी अर्धं पाणी काढलं, नवं घातलं, काचा पुसल्या, हळदीचा माग नाहीसा केला. आई म्हणाली, आता वन्संना काय झालं ते सगळं सांग. मी म्हटलं, सांगण्यासारखं आता उरलंय काय. हल्ली डॉक्टर गोळ्या देताना बजावतात की बरं वाटलं तरी मधेच सोडू नका. मला बजावायला लागत नाही. माझ्याइतक्या प्रामाणिकपणे गोळ्यांची पाकिटं संपवणारा म्हातारा आमच्या सोसायटीत दुसरा नाही, आणि त्याचं कारण ही टाकी.

आत्या आली. चपला न काढता टाकीशी गेली, मोजले. बेड नंबर एक कुठे? मी म्हटलं, एक दिवस अचानक गेला, म्हातारा झाला असेल. हे दोन कोण? खेडचे, भेट आलेले. तिने भुवई उंचावली, पण बेड नंबर चार काचेला तोंड लावून उभा होता, आणि तिचा चेहरा नरमला. मग तिने चार्ट काढला. रोजच्या रोज भरलेला, अक्षर चांगलं, प्रकृती उत्तम, प्रकृती उत्तम. एका रांगेत बारा वेळा. त्या रात्री जेवताना ती बाबांना म्हणाली, पोरगा वाटतो तेवढा वाया गेलेला नाही, चार्ट तरी नीट ठेवतो, माझ्या वॉर्डातल्या मुलींना जमत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून हूं आला. आमच्या घरात बाबांचा हूं म्हणजे सही-शिक्का. आईने माझ्या ताटात आमटी वाढली आणि पळी जरा जोरात भांड्यावर आपटली.  मासा एकच मेला होता, ठिपके गेले होते, कॉलेज मिळत होतं. ज्यात सगळ्यांचं भलं होतं ते बोलून बिघडवायचं कशाला?

चौथ्या दिवशी सकाळी ठिपके परत आले. या वेळी दोन-चार नव्हेत, सगळ्यांच्या सगळ्या अंगावर. आत्याने एकदा पाहिलं आणि दवाखान्यात रजेचा निरोप पाठवला. मी तिला रजा घेताना प्रथमच बघत होतो. मग तिने कांबळींना बोलावलं. कांबळी एका मत्स्यालयातून निवृत्त झालेले मदतनीस. पाय मोडून आत्याच्या वॉर्डात दोन महिने पडलेले असताना त्यांनी तिला माशांचा नाद लावला होता. ते सायकलवरून आले, खिशातून भिंग काढलं आणि टाकीसमोर बसले. बाबा कचेरीत जायचे तयार होऊन दारात उभे होते, आई चहा घेऊन.

मी माझी अब्रू वाचवायला सहज विचारल्यासारखं केलं की नरांना हंगामात असे ठिपके येतात ना. कांबळी म्हणाले, येतात, पण ते कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीकडच्या परांच्या पुढच्या कडेला, रांगेत, आणि मासा मजेत असतो. हे कुठेही आलेत, आणि ह्यातल्या तीन तर माद्या आहेत. हे परजीवी किडे, डोळ्यांना एकेकटा धड न दिसणारे. माशाच्या कातडीत शिरून खातात, ठिपका दिसतो तो त्यांच्या घराचा. पोट भरलं की गळून तळाला पडतात आणि तिथे खडीत एकाची शेकड्यांनी पोरं होतात. ती पोरं पाण्यात पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त पोहणाऱ्या पोरांना. ठिपक्यातल्याला नाही, तळातल्या कोषातल्यालाही नाही. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं ज्याला वाटतं तो मूर्ख. एवढं बोलून त्यांनी आत्याकडे पाहिलं. "सिस्टर, एक सांगा. ही पहिलीच खेप का दुसरी? पहिली असली तर हलकं औषध घालून बघता येईल, माशांना त्रास कमी. दुसरी असली तर तळ भरलेला असणार. मग सगळी खडी आजच बाहेर काढायला हवी."

आत्याने खिळ्यावरचा चार्ट काढला. "चार्टवर काही नाही," ती म्हणाली. "पहिलीच."

कांबळी हलकं औषध काढायला पिशवीत हात घालू लागले. बेड नंबर चार पंपाच्या बुडबुड्यांजवळ तिरका तरंगत होता, कल्ले भात्यासारखे चाललेले. दारात बाबा. आई माझ्याकडे बघतच नव्हती, ती कपबशीकडे बघत होती. मला त्या क्षणी एकदम थोरपण सुचलं, असं या वयात लिहायला काही हरकत नव्हती, पण खरं ते असं की मला रडू यायला लागलं आणि त्याबरोबर शब्दही आले. म्हटलं, दुसरी आहे. आधी आले होते. मी मीठ घातलं आणि हळद घातली. मला वाटलं, लग्न आहे. शेवटचं वाक्य नसतं बोललो तरी चाललं असतं.

कांबळींनी पिशवीतला हात बाहेर काढला. बाबा कचेरीला निघून गेले. त्यांच्या पाठीवरून मला कळलं की हूं परत घेतला आहे. आत्या ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी खोटी ओळ खोडायला पेन्सिल उचलली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खोडायचं नाही. चार्टवर खोडत नाहीत. खाली लिही, खरं काय ते, दिवस घालून."

मग घराचा दवाखाना झाला. खडी सगळी काढून परसात उन्हात पसरली. रोज रबरी नळीने टाकीचा तळ ओढून काढायचा, तेवढंच आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी घालायचं. मीठ परत घातलं, पण मुठीने नव्हे, आत्याने औषधाच्या तराजूवर तोलून. कांबळींचं हिरवट निळं औषध थेंबाथेंबाने मोजून. टाकीवर मोठा दिवा लावून पाणी हळूहळू कोमट केलं, कारण उबेत त्या किड्यांचं चक्र भराभर फिरतं आणि औषधाच्या तावडीत लवकर सापडतात. कोमट पाण्यात हवा कमी म्हणून दुसरा पंप. टाकीतली जाळी बाहेरच्या बादलीत बुडवायची नाही, हात धुतल्याशिवाय कशातही घालायचा नाही. आत्या पहाटे उठून ठिपके मोजायची आणि मी चार्ट लिहायचो. बेड नंबर पाच दुसऱ्या दिवशी गेला. खेडचे दोन पाहुणे, ज्यांनी हा आहेर आणला होता, ते सगळ्यांत आधी ठणठणीत झाले आणि खायला मागायला लागले.

बेड नंबर चार पाचव्या दिवशी दुपारी गेला. आत्याने त्याला जाळीत घेतलं, फाटकी शेपटी बोटाने सरळ केली आणि मला म्हणाली, चार्ट लिही. मी लिहिलं. मृत्यूचं कारण, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. तिने वाचलं. "हे दुसरं कारण झालं. त्याच्या वर पहिलं लिही." मी पेन्सिलीला टोक केलं. मग लिहिलं, माहिती लपवली. तिने मान हलवली आणि चार्ट खिळ्याला लावला. त्या दिवशी मासेवालीला आईने दारातूनच परत पाठवलं. मासेवालीने कारण विचारलं तर आई म्हणाली, आज नको. जेवायला कुळथाची पिठी आणि भात होता, बाबांनीही काही विचारलं नाही. तेवढ्या एका दिवसापुरतं आमच्या घराला माशांचं सुतक आलं. दुसऱ्या दिवशी बांगडे होते.

ठिपके गेल्यावरही कांबळींनी औषध थांबवू दिलं नाही. मी रोज विचारायचो, आता तरी, आणि ते म्हणायचे, अजून नाय. उरलेले पाच जगले. मला कुणी टाकीजवळ यायला बंदी केली नाही, उलट आत्याने नवा चार्ट माझ्याच हातात दिला. कॉलेजचं नाव मी काढलं नाही. कॉमर्सचा फॉर्म आणून कपाटावर ठेवला होता आणि तो वर असल्याचं मला न बघताही दिसत होतं.

फॉर्म भरायच्या आदल्या संध्याकाळी सगळे जेवायला बसलेलो असताना बाबांनीच विषय काढला. ते म्हणाले, ताई, हा फॉर्म उद्या द्यायचाय. तुझ्या शब्दावर मी ह्याला माशांकडे पाठवणार होतो, तो शब्द तू परत घेतेस का ठेवतेस ते आत्ताच सांग. आई वाढता वाढता थांबली. मी तळलेल्या तुकडीतला काटा शोधत असल्यासारखं केलं, जो मी केव्हाच काढून ताटाच्या कडेला ठेवला होता. आत्याने सावकाश भात कालवला, वर आमसुलाचं सार घेतलं, एक घास खाल्ला.

"पाठव तिकडेच," ती म्हणाली. "चुका हा कुठेही गेला तरी करणार. माशांचे नातेवाईक भांडायला तरी येत नाहीत."